वेगाची सरळ रेघ

तापीठाण्याच्या कक्षात बसलेल्या गार्गी नेहेतेने नवऱ्याचा तराफा पुलावरून आत येताना पाहिला, जागेवर थांबताना पाहिला, आणि मग तो हळूच उलटा सरकू लागलेला पाहिला. आधी तिला वाटलं, पडद्यात काही बिघाड असेल. तिथे थांबलेला तराफा आजवर कधी मागे गेला नव्हता.

सावद्याहून भुसावळला केळी नेणारा निसरमार्ग सुरू झाल्यापासून ती तिथे नोकरीला होती. या मार्गाचं मूळ एका प्रयोगशाळेत तयार झालेल्या अस्तरात होतं. अंड्यांचे दोन ट्रे एकावर एक ठेवले की वरच्याचे खळगे खालच्यात बसतात आणि ट्रे हलत नाहीत. वरचा ट्रे थोडा तिरका फिरवला की खळगे जुळत नाहीत आणि तो नुसता उंचवट्यांवरून घसरत जातो. कोणत्याही दोन पृष्ठभागांवर अणूंचे असेच खळगे असतात, आणि ते एकमेकांत अडकतात हे घर्षणाचं एक मोठं कारण. नव्या अस्तराचे खळगे तराफ्याच्या तळाशी कुठल्याच कोनात जुळत नसत. त्यावर ठेवलेली वस्तू एकदा ढकलली की ढकललेल्या वेगाने जातच राही.

तराफ्याला त्यामुळे इंजिन नव्हतं, चाकं नव्हती. सावद्याला जाड लवचीक पट्ट्यांची एक प्रचंड गलोल होती. ती ताणायची आणि सोडायची, एवढंच. हवा विरळ केलेल्या नळीतून तराफा महामार्गावरच्या कुठल्याही गाडीपेक्षा जोरात निघे, आणि केळीच्या एका फणीलाही डाग पडत नसे. उन्हाळ्यात निम्मा दिवस वीज नसलेल्या त्या भागाला या मार्गाचं फार अप्रूप होतं.

तापीच्या अलीकडच्या काठावर सावदा, पलीकडच्या काठावर तापीठाणं. तळाचं अस्तर तपासायला प्रत्येक तराफा तिथे थांबवावाच लागे. आता ब्रेक लावायचे तर घर्षण हवं, आणि घर्षण तर काढून टाकलेलं. यावरचा उपाय लहान मुलांनाही ठाऊक असलेला होता. कॅरमवर पावडर टाकून एक सोंगटी दुसरीवर अगदी समोरासमोर आदळवली, तर आदळणारी जागच्या जागी थांबते आणि उभी असलेली तिचा सगळा वेग घेऊन निघून जाते. तापीठाण्यावर एक भरलेला तराफा आधीच उभा असे. सावद्याचा येऊन त्याच्यामागे ठाण्यावर बसवलेल्या स्प्रिंगवर टेकला की हा थांबे, तो भुसावळकडे सुटे. थांबलेल्याला बाजूचा लोखंडी पंजा धरून ओढून घेई.

अट एकच होती. दोन्ही तराफे सारख्या वजनाचे हवेत. आदळणारा हलका असेल तर उलटा फिरतो, जड असेल तर पुढे रेंगाळतो. म्हणून सावद्याला प्रत्येक तराफा काट्यावर चढवून, पोटातल्या टाकीचं सरकतं झाकण हव्या त्या खुणेवर बसवून त्याखाली काठोकाठ पाणी भरून वजन जुळवलं जाई. काही तराफ्यांबरोबर माल बघायला एक सोबती बसे. तोही काट्यावर बसूनच मोजला जाई. गार्गीचा नवरा कौस्तुभ असा सोबती होता.

नवराबायको एकाच मार्गावर काम करत होती. सुरुवातीला त्याचं दोघांना कौतुक होतं. घर्षण नसलेल्या तराफ्यात आतला माणूस एक पाऊल पुढे गेला की तराफा तितक्यापुरता मागे हटतो, वेगात बारीकसा फरक पडतो. नळीतले संवेदक तो टिपत, आणि गार्गीच्या पडद्यावर वेगाची रेघ थरथरे. "आज सावद्यापासून पाचदा उठलास ना खुर्चीतून?" ती घरी गेल्यावर विचारी. तो हसे. कधी कधी मुद्दाम उठून दोन उड्या मारी, आणि ती कक्षात एकटीच हसे. गेल्या वर्षभरात ते कमी कमी होत गेलं होतं. कौस्तुभ बसला की बसूनच राही. घरीही तसंच. विचारलं तर म्हणे, "काही नाही. दमलो."

त्या दिवशी तराफा आला, टेकला, पुढचा सुटला. मग हा मागे निघाला. पंजा बंद झाला तेव्हा तराफा पंज्याच्या टप्प्यातून निसटलेला होता. माणूस रमतगमत चालतो तेवढ्या वेगाने तो उलटा पुलाकडे चालला.

गार्गीने सावद्याला फोन लावला. तिथे गलोलीवर प्रमोद भंगाळे होते. निवृत्तीला आलेला शांत माणूस, तिच्या सासऱ्यांचा मित्र.

"काका, पुढचा सोडू नका."

"सुटला की. का गं?"

तिने रेडिओ उचलला. "कौस्तुभ, ऐकतोयस? मागचं दार उघडून कडेच्या पायवाटेवर उतर. प्राणवायूचा मुखवटा घाल आणि उतर. कौस्तुभ." पलीकडून उत्तर नव्हतं. केबिनमध्ये कॅमेरा नव्हता, सोबत्यांच्या युनियनने त्याला हरकत घेतली होती. ती हाका मारत राहिली. पडद्यावर एक ठिपका सावकाश मागे चालला होता आणि दुसरा जोरात पुढे येत होता, आणि दोघांपैकी एकालाही थांबवण्याचा उपाय जगात कुणाकडे नव्हता.

पुलाच्या मध्यावर ते भेटले. तिथे मधे स्प्रिंग नव्हती. मागून येणाऱ्यात नुसती केळी होती. नळी फाटली आणि दोन्ही तराफे तापीत गेले.

*

धरणाचे दरवाजे उघडे होते आणि पाण्याला ओढ होती. पाणबुड्यांना केबिन सापडली, चेपलेली, दार नसलेली. कौस्तुभ सापडला नाही. शोध थांबवला तेव्हा नातेवाईकांनी दर्भाचा पुतळा करून विधी उरकले. गार्गी सगळ्याला हजर होती. कुणी बस म्हटलं की बसत होती, पाणी दे म्हटलं की देत होती. शेजारच्या बायका सासूला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तिला रडवा, नाहीतर आजारी पडेल." सासू, ज्योत्स्नाबाई, स्वतः रोज सकाळी उठून फोटोचा हार बदलत, मग दिवसभर भिंतीला टेकून बसत.

गार्गीला रडू येत नव्हतं याचं तिला स्वतःलाही आश्चर्य वाटत नव्हतं. आश्चर्य वाटायलाही काहीतरी लागतं. चहा गरम आहे हे तिला कपाकडे बघून कळे. आंघोळीला बसली की पाणी संपल्यावरच उठे.

एक दिवस भंगाळे दारात आले. त्यांना कामावरून काढलं होतं. काट्यावरचा आकडा बरोबर होता, पण तराफा तर हलका निघाला. तेव्हा टाकीत पाणी कमी भरून आकडा यांनीच हाताने टाकला असणार, असं ठरत आलं होतं. पोलिस दोनदा घरी येऊन गेले होते.

"गार्गी, मी पाणी पुरतं भरलं होतं गं," ते उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले.

"हो काका."

"तुझा विश्वास आहे ना?"

तिला खरं म्हणजे काहीच वाटत नव्हतं, विश्वासही नाही आणि राग पण नाही. "हो काका," ती पुन्हा म्हणाली. ज्योत्स्नाबाई उठून आत गेल्या आणि भंगाळे परत जाईपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

चौकशी समितीने गार्गीला जळगावला बोलावलं. समितीत कुलथे नावाचे एक साहेब होते. बोलण्यात मऊ होते. त्यांनी तिला खुर्ची दिली, पंखा तिच्याकडे वळवला, आणि त्या दिवसाची वेगाची नोंद पडद्यावर लावली.

"तुम्हाला त्रास होईल, पण एकदा बघून सांगा. हा तराफा आत आला. नेहमीपेक्षा थोडा लवकर आणि थोडा जोरात. म्हणजे हलका होता, गलोलीचा जोर तोच, पण ढकलायला ओझं कमी. इथे टेकला. आणि इथून उलटा. या उलट्या वेगावरून हिशेब केला तर साधारण सत्तर किलो कमी भरतात. सत्तर लिटर पाणी."

गार्गी रेघ बघत होती. टेकल्यापासून पुलाच्या मध्यापर्यंत ती सपाट गेली होती, पट्टी ठेवून मारल्यासारखी.

"ही एवढी सरळ कशी?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"टाकीत पाणी कमी असतं तर..." ती थांबली. "काही नाही. मला जरा वेळ द्याल?"

"घ्या ना. दोन दिवसांनी या."

सावद्याच्या बसमध्ये तिने कपाळ खिडकीला टेकवलं आणि डोळे मिटले. रेघ डोळ्यांपुढे तशीच होती.

काठोकाठ भरून झाकण लावलेला डबा हलवला तर आतलं पाणी डचमळत नाही, कारण त्याला जायला जागा नसते. डबा थोडा रिकामा असेल तर पाणी इकडून तिकडे आपटतं. तराफा तेवढ्या वेगाने स्प्रिंगवर टेकल्यावर अर्धवट टाकीतलं पाणी कितीतरी वेळ मागे-पुढे होत राहिलं असतं, आणि पाणी पुढे गेलं की तराफा मागे, पाणी मागे आलं की तराफा पुढे. घर्षण नाही म्हटल्यावर आतली कुठलीच हालचाल लपत नाही. रेघ करवतीसारखी दिसायला हवी होती. ती सरळ होती, म्हणजे टाकी भरलेली होती. पाणी पुरतं होतं. तरी सत्तर किलो कमी होते.

आणि दुसरं. तराफा मागे जात होता तेव्हा ती रेडिओवर ओरडत होती. शुद्धीवर असलेला माणूस उठला असता, दाराकडे धावला असता, निदान खुर्चीत वळला असता. रेघ थरथरली असती. ती थरथरली नाही. त्या वेळी तिला वाटलं होतं, तो बेशुद्ध झालाय. पण बेशुद्ध माणसाचंही वजन असतं. मेलेल्या माणसाचंही असतं. तो आत असता, कसाही असता, तर तराफा मागे फिरलाच नसता.

कौस्तुभचं वजन सत्तरच्या आसपास होतं. त्याच्यासाठी पाव किलो जिलेबी आणली की ती त्याला काट्यावरून चिडवायची.

बस फैजपूरला थांबली. कंडक्टरने तिला दोनदा विचारलं, "ताई, उतरायचंय का?" ती नाही म्हणाली. नवरा जिवंत आहे हे तिला एवढ्यात कळलं होतं, आणि आपल्याला आनंद होतो का हे ती बघत होती. होत नव्हता.

*

ज्योत्स्नाबाई स्वयंपाकघरात वांगी चिरत होत्या. गार्गीने पाटावर बसून त्यांना सगळं सांगितलं, टाकी, पाणी, रेघ. सोपं करून सांगितलं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही.

"म्हणजे आत कुणी हललंच नाही," त्या शेवटी म्हणाल्या.

"नाही."

"कारण आत कुणी नव्हतंच."

"नव्हतंच, आई. काट्यावर तो बसला होता. काटा आणि गलोल यांच्यामध्ये तराफा थोडा वेळ उभा असतो. तिथे तो उतरला असणार."

ज्योत्स्नाबाईंनी विळी आडवी केली. चिरलेली वांगी पाण्यात काळी पडू लागली होती, ती त्या हाताने दाबत राहिल्या.

"फोन नाही केला त्याने," त्या म्हणाल्या. "तुझ्याशी भांडला होता का?"

"नाही. भांडला असता तर बरं झालं असतं."

"माझ्याशीपण नाही." त्यांनी पदराने हात पुसले. "तू हे तिकडं सांगणार?"

"भंगाळेकाका तुरुंगात जातील, आई. नाही सांगितलं तर."

"लोक म्हणतील, बायको-आईला टाकून पळाला."

"म्हणतील."

"मी त्या माणसाला घरात ये म्हटलं नाही," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "उन्हात उभा होता." त्या उठल्या, बाहेरच्या खोलीत गेल्या आणि फोटोचा हार काढून टोपलीत टाकला. फोटो मात्र तसाच राहू दिला. तिथूनच त्यांचा आवाज आला, "सांग. उद्याच जा."

कुलथे साहेबांना पटायला वेळ लागला. त्यांनी तापीठाण्यावर दोन रिकामे तराफे मागवले. एकात टाकी सत्तर लिटर कमी भरली, दुसऱ्यात पूर्ण भरून सोबत्याच्या खुर्चीतलं वजन काढून घेतलं. दोन्ही एकेक करून उभ्या तराफ्यामागच्या स्प्रिंगवर सोडले. दोन्ही सारख्याच वेगाने मागे फिरले. पहिल्याची रेघ वेडीवाकडी आली. दुसऱ्याची सरळ आली. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बाई, मला काय बोलावं कळत नाही. अभिनंदन करायचं का तुमचं?"

"भंगाळेकाकांना आधी कळवा," गार्गी म्हणाली.

*

कौस्तुभ खंडव्याला सापडला. तो पंप दुरुस्तीच्या एका दुकानात काम करत होता आणि त्याने नावसुद्धा बदललं नव्हतं. पोलिसांनी त्याला जळगावला जबाबासाठी आणलं, तेव्हा गार्गीलाही बोलावलं होतं. समितीच्या कार्यालयाबाहेर लांब बाकडं होतं. तो एका टोकाला बसला होता. थोडा वाळला होता, दाढी वाढली होती. ती दुसऱ्या टोकाला बसली.

"कशी आहेस?"

"ठीक."

"मी ठरवून नाही केलं, गार्गी." त्याचा आवाज खाली होता. "काट्यावरून तराफा पुढे गेला. दार उघडं होतं. वाटलं, आज नको. उतरलो. यार्डात केळीचा ट्रक निघत होता, ड्रायव्हर ओळखीचा नव्हता, तरी बसलो. म्हटलं, जाऊ जरा लांब, सांजेला परत येऊ."

"मग?"

"धाब्यावर टीव्हीत माझा फोटो दाखवत होते. घास हातात होता. मला वाटलं आता उठून फोन करावा. पण आधी तो घास खाल्ला, मग दुसरा खाल्ला. मग वाटलं, आता कुणी आपली वाट बघत नसेल." तो थांबला. "खूप हलकं वाटलं. वाईट आहे, पण वाटलं."

"माझ्यामुळे गेलास?"

"नाही. तू काहीच केलं नाहीस. कुणीच नाही केलं. रोज तेच होतं, बसायचं, पोचायचं, परत यायचं. मी आत काही करत नव्हतो. माझ्याऐवजी पाणी भरलं असतं तरी चाललं असतं."

गार्गीने मान हलवली. हे तिला समजत होतं. वाईट वाटावं असं ते होतं, हेही समजत होतं.

"भंगाळेकाकांवर आळ आलाय, हे नाही दाखवलं टीव्हीत?"

"दाखवलं," तो म्हणाला.

एवढं झाल्यावर तिला त्याला विचारण्यासारखं काही उरलं नाही. आतून त्याचं नाव पुकारलं गेलं. उठता उठता त्याने विचारलं, "तू रडलीस का? मी गेलो तेव्हा?"

"नाही."

त्याने ते ऐकून घेतलं. "घरी येऊ का?"

"घर तुझंच आहे," गार्गी म्हणाली. "ये."

भंगाळे आरोपातून सुटले. पुन्हा कामावर घेतो म्हणून सांगणं आलं, पण ते गेले नाहीत. केळीच्या वखारीजवळ त्यांनी पुतण्याच्या दुकानात बसायला सुरुवात केली. ज्योत्स्नाबाई स्वतः चालत त्यांच्या घरी गेल्या आणि दुपार तिथे बसून आल्या. काय बोलणं झालं ते गार्गीने विचारलं नाही. परतल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "चहा घेतला."

समितीचं काम संपल्यावर कौस्तुभ घरी आला. सकाळची वेळ होती. अंगणात कुणी नव्हतं, पण आजूबाजूच्या खिडक्या भरलेल्या होत्या. तो चप्पल काढून आत आला. ज्योत्स्नाबाईंनी त्याला पाणी दिलं. त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, दाढीवर थांबवला, आणि काढून घेतला.

"बस. वरण गॅसवर आहे, भात झालाय. तुपाची बरणी वरच्या फळीवर."

खोलीत दारापाशी दोन बॅगा आणि एक वळकटी होती. कौस्तुभने त्यांच्याकडे बघितलं.

"मी अकोल्याला बदली मागून घेतली," गार्गी म्हणाली. "तिकडे नवा मार्ग होतोय. सोबती बसवणार नाहीत तिथे, सगळं वजन पाण्यावर."

"दोन बॅगा?"

"एक माझी," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

"आई, मी आलोय आता."

"बघितलं ना. बरं झालं आलास. घर बंद राहिलं असतं." त्यांनी कमरेची किल्ली सोडवून त्याच्यासाठी मांडलेल्या ताटाशेजारी ठेवली. "मागच्या दाराची कडी नीट बसत नाही, जोराने ओढ."

"किती दिवसांनी येशील?" त्याने आईला विचारलं.

"बघू."

तो खुर्चीवर बसला आणि बसून राहिला. बाहेर रिक्षावाल्याने हॉर्न दिला. गार्गीने दोन्ही बॅगा उचलल्या, ज्योत्स्नाबाईंनी वळकटी बगलेत मारली. उंबरा ओलांडताना गार्गीने मागे बघितलं. तो ताटाकडे बघत होता.

रिक्षा स्टँडकडे निघाली. केळीच्या बागा मागे पडू लागल्या. ज्योत्स्नाबाई रडत होत्या, आवाज न करता, आणि पदर तोंडाशी धरूनही त्यांचे खांदे हलत होते. गार्गी त्यांच्याकडे बघत होती. थोड्या वेळाने त्या थांबल्या, नाक पुसलं, आणि सुनेकडे वळल्या.

"तू कधी रडणार आहेस?"

गार्गीने विचार केला. "माहीत नाही, आई."

"बरं," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "आधी घर लावून घेऊ."